पंचांगात बसणारी शिकार

गाइड घेऊन बदकांच्या शिकारीला जायचं तर खर्च किती येतो, हे मी विनिपेगमधल्या ओळखीच्या मराठी घरांतून विचारून पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं. उन्हाळ्यात मासे धरणारे चार जण निघाले, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकणारा एक निघाला, पण बंदुकीच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. "तुम्ही? आणि शिकार?" एवढं बोलून लोक चहा टाकायला उठत. म्हणून हा लेख. आज ना उद्या तुमच्याही घरी इथे वाढलेलं एखादं पोर जेवताना हा विषय काढणार आहे. तेव्हा निदान आकडे तरी हाताशी असावेत.

आमच्याकडे तो सोळा वर्षांच्या चिरंजिवांनी काढला. त्याचा जवळचा मित्र स्टोनवॉलकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्या घरी दर शरदात बदकं मारली जातात, साफ होतात, खाल्ली जातात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. आमच्या मुलाने शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम ऑनलाइन पुरा केला, परीक्षा दिली आणि प्रमाणपत्र फ्रिजवर चुंबकाने लावून टाकलं. म्हणजे परवानगी मागायच्या आधीच अर्ज मंजुरीसाठी समोर.

बायकोचा आक्षेप बंदुकीला होता. पक्षी खाण्याबद्दल तिचं म्हणणं नव्हतं. आईचा आक्षेप सगळ्यालाच होता. ती पैठणची, माळकरी, त्या वर्षी सुपर व्हिसावर आमच्याकडे राहायला आलेली. आणि मी? दर रविवारी दुकानातून मटण आणणाऱ्या माणसाला अशा वेळी अहिंसेवर बोलणं जड जातं. बरेच दिवस घरात या विषयावर नुसतीच भांडी वाजत होती. शेवटी बायकोच म्हणाली, "दोन वर्षांनी अठराचा होईल, तेव्हा विचारणारसुद्धा नाही. आत्ता जातोय तर तू बरोबर जा." अटी तीन ठरल्या. गाइड हवाच. मी बंदूक न धरता शेजारी बसायचं. आणि खर्च सहाशे डॉलरच्या आत.

तिसरी अट सगळ्यात अवघड निघाली.

मॅनिटोबात शिकारीच्या सहली नेणारे बरेच आहेत, पण त्यांच्या नजरेसमोर असतो तो सीमेपलीकडून येणारा अमेरिकन पाहुणा. तीन दिवस, लाकडी लॉज, सकाळ-संध्याकाळ जेवण, बदकं सोलून बर्फात बांधून देणार. मला आलेले भाव माणशी दोन ते तीन हजार डॉलरांचे होते. हे वाचून मी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या मित्राच्या वडिलांनी फोनवर समजावलं की लॉज विसरा. प्रांताचा परवाना असलेला, एकटा काम करणारा गाइड शोधा, फक्त सकाळची अर्धी पाळी मागा, आणि चार जण मिळून जा. नाव आणि कुत्रा एकच लागतो, माणसं दोन असोत की चार. त्यांच्याच ओळखीने पोर्टाज ला प्रेरीजवळचा एक गृहस्थ मिळाला. पूर्वी शाळेची बस चालवायचा, आता शरदात गाइडचं काम करतो. चार जणांचे मिळून आठशे डॉलर. मी गोळी झाडणार नाही म्हणून माझे निम्मे घ्या, असं म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "नावेतली जागा तर अडणार ना?" पुण्यातल्या रिक्षावाल्याची आठवण झाली आणि माणूस एकदम जवळचा वाटला.

परवान्यांत मात्र पैसा फारसा जात नाही. वेळ जातो. प्रांताचा परवाना वेगळा आणि केंद्र सरकारचा वेगळा, कारण बदक हे प्रवासी पाखरू. उन्हाळा इथे, हिवाळा अमेरिकेत किंवा मेक्सिकोत, तेव्हा एकट्या प्रांताने काय नियम करायचे? १९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात या पक्ष्यांसाठी करार झाला, तेव्हापासून ही बाब केंद्राकडे आहे. मोठ्यांचा केंद्राचा परवाना आणि त्यावरचं तिकीट मिळून वीस डॉलरच्या आसपास. अठराच्या आतल्यांना २०२२च्या नव्या नियमांपासून तो फुकट, मात्र बरोबर जाणता परवानाधारक हवा. परवान्यावरचं हे तिकीट १९८५ पासून निघतं. पहिल्या तिकिटावर रॉबर्ट बेटमन या चित्रकाराने काढलेली मॅलार्डची जोडी होती. त्या तिकिटाचे पैसे पाणथळ जागा राखायला जातात. म्हणजे बदकं मारणाऱ्यांच्या पैशातून बदकांची घरं शाबूत राहतात. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "कसायाने गोशाळेला देणगी दिल्यासारखं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण १९३८ मध्ये, दुष्काळाने प्रेरी करपलेली असताना, डक्स अनलिमिटेड कॅनडा ही संस्था शिकाऱ्यांनीच उभी केली आणि याच प्रांतातल्या बिग ग्रास मार्शमध्ये पुन्हा पाणी अडवलं, हेही तितकंच खरं आहे. ती दलदल कोरडी करून शेती करायचा प्रयोग आधी फसला होता.

बंदूक विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. मित्राच्या वडिलांकडे रीतसर परवान्याची वीस बोअरची होती. परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली, त्याच्या शेजारी बसून, दुसऱ्याने ती वापरलेली कायद्याला चालते. बायकोच्या समाधानासाठी त्यांनी आमच्याकडे येऊन ती कशी कुलपात राहते, कशी रिकामी करून न्यावी लागते, आणि तीनपेक्षा जास्त काडतुसं आत जाऊच नयेत म्हणून नळीत कशी खुंटी बसवलेली असते, ते सगळं दाखवलं. काडतुसं पोलादी छर्ऱ्यांची घ्यावी लागतात. शिशाची १९९९ पासून देशभर बंद आहेत, कारण तळाशी पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. पंचवीस काडतुसांचा डबा अठ्ठावीस डॉलरला आला. छातीपर्यंतच्या रबरी विजारी, ज्यांना इथे वेडर्स म्हणतात, त्यातली मुलाची जुन्या वस्तूंच्या दुकानात चाळीस डॉलरला मिळाली, माझी उसनी. विजार पारखताना सांधे बघावेत. गळक्या विजारीने ऑक्टोबरच्या पाण्यात काय होईल, ते लिहायची गरज नाही.

राहता राहिली तारीख. ही ठरवताना समोर तीन कॅलेंडरं होती. शिकारीचा मोसम सप्टेंबरात उघडतो. शाळेची वेळ सांभाळायची. आणि तिसरं भिंतीवरचं कालनिर्णय, ज्याच्यापुढे पहिली दोन काहीच नाहीत. गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, सात सप्टेंबरला गणपती बसले. अनंत चतुर्दशीपर्यंत नाव काढायचं नाही. मग पितृपक्ष. "पितरांना घास घालायच्या दिवसांत पाखरं मारणार?" हा आईचा प्रश्न बिनतोड होता. मग तीन ऑक्टोबरला घट. दसरा बारा तारखेला, त्यानंतर कोजागरी, आणि महिनाअखेरीला दिवाळीची धांदल. हातात उरला तो एकच शनिवार, १९ ऑक्टोबर. गाइडला कळवताना मला धाकधूक होती, पण तो खूश झाला. तोवर अमेरिकन पाहुणे ओसरलेले असतात, पाणी गोठायला थोडे दिवस असतात, आणि उत्तरेकडची जाड मॅलार्ड तेव्हाच खाली उतरतात. ऐन मोसमात सकाळच्या पाळीलाही त्याचा भाव याहून बराच वर असतो. पंचांगाने आमचे दोनशे डॉलर तरी वाचवले असावेत. हे आईला सांगितलं नाही.

आम्ही गेलो ती जागा म्हणजे डेल्टा मार्श. विनिपेगहून पश्चिमेला पोर्टाज ला प्रेरीपर्यंत महामार्ग, तिथून उत्तरेला मॅनिटोबा सरोवराच्या दक्षिण काठापर्यंत. जायला सव्वा-दीड तास. सरोवर आणि दलदल यांच्यामध्ये वाळूचा अरुंद, झाडांनी भरलेला बांध आहे. त्याच्या अलीकडे १८,००० हेक्टरांच्या आसपास पसरलेली पाणकणसं, लव्हाळी, उथळ तळी आणि त्यांना जोडणाऱ्या पाणवाटा. १९८२ पासून ही रामसर जागा आहे. नाशिकचं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये त्या यादीत आलं, त्याच यादीत.

बदकांसाठी ही दलदल सव्वाशे वर्षं गाजते आहे. १९०१ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढे ज्याच्या स्वागतासाठी मुंबईत गेटवे ऑफ इंडिया बांधलं गेलं तो पंचम जॉर्ज, इथे बदकं मारायला आला होता. नंतर जनरल मिल्स या धान्याच्या कंपनीचे संस्थापक जेम्स फोर्ड बेल यांनी इथे लॉज केलं. त्यांना मारलेल्या पक्ष्यांची टोचणी लागली आणि त्यांनी इथेच बदकांची पैदास सुरू केली. त्यातून १९३८ च्या सुमारास संशोधन केंद्र उभं राहिलं. आपल्याकडे त्याच वर्षी, १२ नोव्हेंबर १९३८ला, भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. आता डेल्टाला माणशी दिवसाला आठ, आणि त्यातही काही जातींना वेगळी मर्यादा. भारतात १९७२ च्या कायद्याने तो विषयच संपला. दोन देशांनी एकाच रोगावर वेगवेगळी औषधं घेतली. कुठलं बरं, यावर आमच्या गाडीत पोर्टाजपर्यंत वाद झाला. मुलगा तरबेज वकील होईल.

पहाटे साडेचारला निघालो होतो. आदल्या रात्री मोटेलात राहिलो असतो तर अंधारात हरणं चुकवत गाडी चालवावी लागली नसती, पण मग सहाशेची अट मोडली असती. आक्षेप मागे न घेता आईने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा दिला होता. "थंडीत उपाशी बसू नका, बाकी तुमचं तुम्ही बघा."

गाइड, त्याची सपाट बुडाची नाव आणि काळी लॅब्रडॉर कुत्री वाट बघत होते. पाण्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरला होता, नाव पुढे सरकली की काच तडकल्यासारखा आवाज येई. त्याने पाणकणसांच्या आडोशाला आम्हाला बसवलं आणि समोरच्या पाण्यात तीसेक प्लॅस्टिकची बदकं सोडली. ती सोडण्यातही हिशेब असतो. वारा पाठीवर घ्यायचा आणि बदकांच्या थव्यात मधे मोकळी जागा ठेवायची, कारण उतरणारं बदक वाऱ्याला तोंड करून त्या मोकळ्या जागेत पाय सोडतं. कायद्याने सूर्योदयाआधी अर्धा तास बार काढता येतो. त्या दिवशी सूर्य आठला थोडा वेळ असताना उगवणार होता. सव्वासातपासून डोक्यावरून पंखांचे आवाज जात होते आणि गाइड घड्याळाकडे बघत हात आडवा धरून बसला होता. पक्षी ओळखू येईल एवढा उजेड नसेल तर कायद्याची वेळ झाली तरी बार नाही, हा त्याचा स्वतःचा नियम.

त्या तासाबद्दल मी फार लिहू शकणार नाही. मी नुसता बसलो होतो. उजेड होताना ती अख्खी दलदल बोलायला लागते, आणि तिथे बंदूक घेऊन आलेली माणसंच सगळ्यात गप्प असतात.

मुलाचा पहिला मॅलार्ड स्वच्छ पडला. कुत्रीने आणून गाइडच्या हातात दिला. दुसऱ्या पाखराला छर्रे लागले पण ते पडलं नाही. एक पंख ढिला टाकून ते साठ-सत्तर मीटर तरंगत गेलं आणि पाणकणसांच्या गर्दीत उतरलं. त्याच वेळी उत्तरेकडून मोठा थवा खाली वळत होता. मित्राच्या वडिलांनी बंदूक उचललीसुद्धा होती. गाइडने सगळ्यांना बंदुका रिकाम्या करायला लावल्या, कुत्री सोडली आणि स्वतः कमरेइतक्या पाण्यातून मागे गेला. जखमी पक्षी शोधायची मनापासून खटपट केली पाहिजे, असं कायदाच सांगतो. पण कायद्यात मिनिटं दिलेली नाहीत. तो चाळीस मिनिटं शोधत होता. मुलगा त्याच्या मागून गेला. ओला, चिखलात माखलेला, लव्हाळी दोन्ही हातांनी बाजूला करत. आमच्या डोक्यावरून थव्यांमागून थवे गेले. आठशे डॉलर, चार तास, म्हणजे मिनिटाला तीन डॉलर तेहतीस सेंट, हे गणित माझ्या डोक्यात आपोआप झालं. बजेट करणाऱ्याच्या डोक्याला सुट्टी नसते.

पाखरू सापडलं नाही. परत आल्यावर गाइड मुलाला एवढंच म्हणाला, "आठातली तुझी दोन झाली. सहा उरली." न सापडलेलंही मोजायचं. मुलाने मान हलवली आणि पुढचा पाऊण तास बंदूक मांडीवर आडवी ठेवून बसून राहिला. त्याला कुणी काही बोललं नाही. कुत्री येऊन त्याच्या पायाशी बसली आणि तिने त्याच्या हातातला धपाटा संपवला. नंतर त्याने एकदाच बार काढला, अगदी जवळून उतरणाऱ्या एका लांब शेपटीच्या नरावर. ते पिनटेल निघालं. "एवढ्या उशिरापर्यंत राहिलेलं," गाइड म्हणाला, "बाकीची कधीच गेली." साडेअकराला आम्ही नाव काठाला लावली. मुलाच्या नावावर हातात दोन, हिशेबात तीन.

स्वस्तात जायचं म्हणून बिनगाइडचं जायला हरकत काय, असं आता कुणी विचारलं तर मी त्या चाळीस मिनिटांकडे बोट दाखवतो. लॉज सोडा, मोटेल सोडा, विजार जुनी घ्या, बंदूक उसनी घ्या. पण कुत्री असलेला आणि थव्याकडे पाठ करून पाण्यात उतरणारा माणूस मिळत असेल तर तिथे घासाघीस करू नका. ठरवायच्या आधी फोनवर त्याला विचारा, जखमी पक्षी दाट गवतात पडला तर काय करता? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो तेही ऐका.

साफ करायचं त्याने गाडीच्या मागच्या फळीवर शिकवलं. पिसं उपटायची, पण एक पंख पिसांसकट अंगाला ठेवायचा, म्हणजे वाटेत अधिकाऱ्याने अडवलं तर जात ओळखता येते. खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा नव्या नियमांत गुन्हा आहे. मित्राच्या वडिलांनी त्यांची बदकं त्यांच्या घरी नेली, आमची दोन आमच्याकडे.

स्वयंपाकघराचा प्रश्न आधीच सुटला होता: गॅरेज. कँपिंगची शेगडी आणि जुन्या वस्तूंच्या दुकानातून तीन डॉलरला आणलेलं पातेलं, जे पुन्हा घरात यायचं नाही. पिनटेलची पिसं अजून काढायची होती. मुलगा ते धरून उभा असताना आई शाल गुंडाळून गॅरेजच्या दारात आली. आत पाऊल टाकलं नाही. थोडा वेळ बघून म्हणाली, "हे तर नाथसागरावर येतं."

आम्हाला वाटलं, तिचा काहीतरी गोंधळ होतोय. गोंधळ नव्हता. मराठीत ज्याला तलवार बदक म्हणतात ते हेच. उत्तर गोलार्धात चहूकडे वीण करणारी एकच जात. सायबेरियाकडची हिवाळ्यात आपल्याकडे उतरतात, प्रेरीवरची कॅलिफोर्नियाकडे आणि मेक्सिकोच्या आखाताकडे जातात. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पुरं झालं, आणि पुढे दहा वर्षांनी त्या पाण्याला पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. मधल्या काळात आईने ती बदकं काठावरून पुष्कळ पाहिली होती. रात्री जाळी लावून धरणारेही पाहिले होते. "बाजारात टोपलीखाली झाकून विकायचे," ती म्हणाली. "मोजायचं कोण?"

मुलाने तिला सकाळची हकीकत सांगितली, न सापडलेल्यासकट. माझ्याशी गाडीत तो त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. तिने विचारलं, "मग ते कुणाचं धरलं?"

"माझंच, आजी."

"बरं," म्हणाली, आणि आत देवापाशी दिवा लावायला गेली.

रानबदकाचं मांस काळपट लाल असतं, चरबी कमी, चव कोंबडीपेक्षा काळजाच्या जवळची. कुकरच्या तीन शिट्यांवर विसंबू नका. काळ्या मसाल्यात, सुक्या खोबऱ्याच्या वाटणात, मंद आचेवर दीड तास शिजवलं तेव्हा सुटलं. जपून चावा, माझ्या दाताखाली एक छर्रा आला. बायकोने दोन घास खाल्ले आणि तिसरा मागितला.

गाइडचे आमच्या वाट्याचे चारशे, बक्षिसी साठ, काडतुसं, विजार, पेट्रोल आणि परवाने मिळून सहाशेला थोडे कमी पडले. पातेल्याचे तीन डॉलर बायकोने हिशेबात धरू दिले नाहीत.

यंदा दसरा दोन ऑक्टोबरला आणि दिवाळी वीसच्या सुमारास, त्यामुळे अकरा तारखेचा शनिवार धरलाय. हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा आमची यंदाची फेरी होऊन गेलेली असेल. गाइडने पन्नास डॉलर वाढवलेत. मी घासाघीस केली नाही. आईचा मुक्काम नोव्हेंबरपर्यंत आहे. तिचा आक्षेप कायम आहे, फक्त या वेळी धपाट्यांचा एक वेगळा, बिनमिरचीचा पुडा करायचं तिने ठरवलंय. कुत्रीला तिखट बाधतं म्हणाली.